पळणाऱ्या गाडीच्या मागे पोलिसांनी धावावे काय?

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)

आजचा विषय शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत मुळात नव्हता. तो आला एका रिक्षाचालक साथीच्या प्रश्नातून. गेल्या महिन्यात तालुक्याच्या बैठकीत मी पोलीस आणि नागरिकांचे हक्क या विषयावर बोलत होतो. पोलिसी बळाला कायद्याच्या मर्यादा हव्यात, लाठी आणि गोळी ही राज्यकर्त्यांची पहिली भाषा असता कामा नये, वगैरे जे आपण नेहमी बोलतो ते सारे बोलून झाले. तेव्हा मागच्या रांगेतून हा साथी उठला आणि म्हणाला, “भाऊ, दोन महिन्यांपूर्वी माझी रिक्षा स्टँडवरून चोरीला गेली. चोर ती घेऊन पळाला तो माझ्या डोळ्यांदेखत. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. मी ओरडत गेलो, तर म्हणाले, आधी तक्रार नोंदवा. आता तुम्हीच सांगा, त्यांनी मागे जायला हवे होते की नको?”

बैठकीत हशा पिकला. मला हसू आले नाही. ज्याची रिक्षा कर्जाची आहे आणि ज्याच्या घरातली चूल त्या तीन चाकांवर पेटते, त्याला पोलिसी बळाच्या मर्यादा समजावून सांगणारे उत्तर त्या क्षणी माझ्याजवळ नव्हते. खाजगी मालमत्तेच्या पावित्र्याची आपण थट्टा करतो ती उत्पादनसाधनांच्या मालकीबद्दल. कष्टाने हप्ते फेडून घेतलेली रिक्षा ही टाटा-बिर्लांची मालमत्ता नव्हे, एवढे भान आपल्या भाषणांतून कधीकधी सुटते, हे आधीच कबूल करतो.

या प्रश्नाचा अभ्यास करायचा तर जिथे तो वर्षानुवर्षे रस्त्यावर, न्यायालयात आणि निवडणुकीत लढला गेला अशा ठिकाणी गेले पाहिजे. आपल्याकडे भरधाव पाठलाग तुलनेने विरळा. आपले रस्तेच त्याला परवानगी देत नाहीत. अमेरिकेत मात्र तो रोजचा व्यवहार आहे. तिथले एक शहर मी निवडले आहे. ते निवडण्याला एक कारण असे की ते आपल्या विचाराच्या लोकांना परके नाही.

मिशिगन सरोवराच्या काठचे मिलवॉकी हे ते शहर. १९१० साली या शहराने एमिल सायडेल या समाजवाद्याला महापौर निवडले. अमेरिकेच्या कोणत्याही मोठ्या शहराचा तो पहिला समाजवादी महापौर. पुढे डॅनियल होन यांनी १९१६ ते १९४० अशी सलग चोवीस वर्षे आणि फ्रँक झायडलर यांनी १९४८ ते १९६० अशी बारा वर्षे ते पद सांभाळले. सांडपाण्याची व्यवस्था, स्वच्छ पाणी, सार्वजनिक आरोग्य, बागा, कामगारांसाठी घरे यांवर त्यांचा भर होता. जहाल समाजवादी त्यांना कुचेष्टेने ‘गटारवाले समाजवादी’ म्हणत. आपल्या नगरपालिकांतील नगरसेवक साथींनी ही कुचेष्टा बिरुदासारखी मिरवायला हरकत नाही.

हे शहर कारखान्यांचे होते. त्याच्या उत्तर भागात ए. ओ. स्मिथ कंपनीचा मोटारींचे सांगाडे बनवणारा प्रचंड कारखाना होता. १९२१ साली तिथे सुरू झालेले स्वयंचलित यंत्रसंकुल दर आठ सेकंदांना एक सांगाडा बाहेर टाकी, दिवसाला दहा हजार. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडून आलेल्या हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांना याच आणि अशाच कारखान्यांनी रोजगार दिला, आणि त्याच कारखान्यांच्या आसपास त्यांच्या वस्त्या झाल्या. शहराच्या इतर भागांत त्यांना घरे मिळत नसत, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. मग कारखाने एकामागून एक हलले. स्मिथ कंपनीने मोटारींचा धंदा १९९७ मध्ये विकला, काही वर्षांत सांगाड्यांचे काम संपले, आणि २००९ मध्ये ती ओसाड जागा नगरपालिकेनेच विकत घेतली. आजोबा जिथे मोटारींचे सांगाडे बनवीत होते त्या गल्ल्यांतून नातू चोरलेली मोटार पळवतो, आणि त्याच्या मागे पोलिसांची गाडी भोंगा वाजवीत येते. या एका चित्रात मिलवॉकीचा अर्धा इतिहास आला.

आता पाठलागाकडे वळू. २००९-१० च्या हिवाळ्यात पोलिसांपासून पळणाऱ्या गाड्यांच्या धडकेत या शहरातली काही निरपराध माणसे मेली. ती ना चोर होती, ना पोलीस. आपल्या वाटेने चालली होती. लोकक्षोभ उसळला. तेव्हा पोलीसप्रमुखांनी २०१० मध्ये नियम केला की गाडीतल्या माणसाने हिंसक गंभीर गुन्हा केल्याचा संशय असेल तरच पाठलाग करावा. नुसती चोरीची गाडी हे पाठलागाचे कारण राहिले नाही. त्यानंतर काही वर्षांनी तक्रार उलटी सुरू झाली. पोरे पोलिसांच्या समोरून सुसाट जातात, लाल दिवा मोडतात, खिडकीतून हात हलवतात आणि पोलीस बघत बसतात, असे लोक म्हणू लागले. २०१७ मध्ये नागरिकांच्या देखरेख मंडळाने नियम सैल करायला लावला, आणि बेदरकार गाडी चालवणे हे देखील पाठलागाचे कारण ठरले. वर्षाला शेकड्यांत मोजले जाणारे पाठलाग काही वर्षांतच हजाराच्या घरात गेले.

ही मागणी कोणी केली होती याकडे लक्ष द्या. ती केवळ उपनगरांतल्या सुखवस्तू गोऱ्यांनी केलेली नव्हती. उत्तर भागातल्या आयाबायांनीही ती केली होती, कारण सुसाट गाड्या त्यांच्याच गल्ल्यांतून जात होत्या आणि त्यांचीच मुले रस्ता ओलांडताना चिरडली जात होती. चोर म्हणजे व्यवस्थेचा बळी, तेव्हा त्याला सहानुभूती द्यावी, हे सूत्र सांगून मोकळे होणाऱ्यांना या बाया विचारतील की आम्ही कोणाचे बळी? गरिबांच्या वस्तीत कायदा-सुव्यवस्थेची हाक देणारा प्रत्येक माणूस प्रतिगामी नसतो. आपण ती हाक ऐकली नाही तर दुसरे कोणी ऐकतात, आणि ते कोण असतात हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

पण मागणी समजून घेणे वेगळे आणि तिने निवडलेला उपाय बरोबर मानणे वेगळे. नियम सैल झाल्यावर वर्षाच्या आत, जून २०१८ मध्ये, एका पाठलागात पोलिसांचीच गाडी उलटली आणि २३ वर्षांचा एक शिपाई मरण पावला. हा शिपाईही कृष्णवर्णीय होता. पळणाऱ्यांच्या गाड्या तर आपटत होत्याच. पाठलागाचा स्वभावच असा आहे. अमेरिकेतील अभ्यास पाहिले तर साधारण तीन-चार पाठलागांपैकी एक अपघातात संपतो. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तानुसार २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत पाठलागांमुळे देशभर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत पाचशेच्यावर केवळ वाटसरू होते. बहुसंख्य पाठलागांच्या मुळाशी खून किंवा दरोडा नव्हता. वाहतुकीचा नियम मोडणे किंवा अहिंसक गुन्हा एवढेच होते. मृतांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा पुष्कळ मोठे आहे. अपघाताला वर्ण नसतो असे आपण समजतो. पण पाठलाग कोणत्या रस्त्यावर सुरू करायचा हे ठरवणाऱ्याला वर्ण दिसतो.

यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो, आणि तो फालतू नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’ या खटल्यात तोच केला. वेगमर्यादा मोडून पळणाऱ्या एका १९ वर्षांच्या तरुणाच्या गाडीला पोलिसाने मागून धक्का देऊन रस्त्याबाहेर घालवले आणि तो तरुण हातापायांनी कायमचा पंगू झाला. न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने पोलिसाला निर्दोष ठरवले. न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: बेदरकारपणे गाडी हाकली की पोलीस मागे यायचे थांबतात असा नियम केला तर पळणाऱ्यालाच बक्षीस दिल्यासारखे होईल, जो जास्त धोका निर्माण करील तो सुटेल. एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स विरोधात होते. त्यांचे म्हणणे असे की गाडीचा क्रमांक पोलिसांजवळ होता, तेव्हा त्याला मागाहून घरी जाऊन पकडता आले असते. मग त्या रात्री रस्त्यावर हा जुगार कशासाठी?

स्टीव्हन्स यांचे म्हणणे मला पटते. परंतु प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की चोरीच्या गाडीला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. चोरीच्या गाडीचा क्रमांक मालकाच्या घरी नेतो, चोराच्या नव्हे. इथेच आपला प्रश्न खरा कठीण होतो. सोडून दिले तर कदाचित तो कधीच सापडणार नाही.

असे असूनही मी म्हणतो की केवळ गाडीची चोरी एवढ्याच कारणासाठी भरधाव पाठलाग करू नये. पाठलागात जे पणाला लागते ते चोराचे नसते. चौकात रस्ता ओलांडणारी म्हातारी, शेजारच्या गाडीतले कुटुंब, पळणाऱ्या गाडीत मित्राच्या नादाने बसलेला चौदा वर्षांचा पोरगा, आणि स्वतः गाडी हाकणारा शिपाई, यांच्यापैकी कोणाचीही संमती न घेता त्यांचे जीव पोलीस पणाला लावतात; आणि परत मिळवायची वस्तू असते एक मोटार. तीही बहुधा पाठलागाच्या शेवटी भंगार होऊनच मिळते. उलट त्या गाडीत एखादे मूल अडकले असेल, किंवा पळणारा नुकताच कोणावर गोळी झाडून निघाला असेल, तर मागे गेलेच पाहिजे. कोणी तरी म्हणेल की हा भेद रस्त्यावर क्षणार्धात कसा करणार? तो शिपायाने एकट्याने करूच नये. पाठलाग चालू ठेवायचा की सोडायचा हे नियंत्रणकक्षातील अधिकाऱ्याने ठरवावे. स्टिअरिंग हातात असलेल्या आणि रक्त तापलेल्या माणसावर तो निर्णय टाकणे हा त्या शिपायावरही अन्याय आहे.

दक्षिण कॅरोलिना विद्यापीठातील जेफ्री आल्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांपासून पळालेल्या व पुढे पकडल्या गेलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. पोलिसांनी पाठ सोडली असती तर आपण थोड्याच अंतरात वेग कमी केला असता, असे त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी सांगितले. माणूस जिवाच्या आकांताने पळतो तो मागे कोणी आहे म्हणून. २०२३ मध्ये अमेरिकेतील पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका संशोधन संस्थेने, पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरमने, केंद्र सरकारच्या मदतीने मार्गदर्शक तत्त्वे काढली. हिंसक गुन्हा घडला असेल आणि संशयित आणखी हिंसा करण्याचा धोका लगोलग असेल तेव्हाच पाठलाग करावा, अशी त्यांची शिफारस आहे. म्हणजे ही काही बंगल्यात बसून सुचलेली उदारमतवादी कल्पना नव्हे. गणवेशातील माणसे अनुभवाने तिथे पोहोचली आहेत.

साथींनो, इथे थांबलो असतो तर मी त्या रिक्षावाल्याला फक्त एवढेच सांगितले असते की तुझी रिक्षा गेली ती गेली. पण मिलवॉकीची गोष्ट अजून अर्धीच झाली आहे, आणि माझ्या मते महत्त्वाचा अर्धा भाग पुढेच आहे.

२०२१ साली मिलवॉकीत दहा हजारांच्यावर गाड्या चोरीला गेल्या. आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक. लक्षात घ्या, पाठलागाचा नियम चार वर्षांपूर्वीच सैल झाला होता आणि पोलीस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पाठलाग करीत होते. तरी चोऱ्या दुप्पट झाल्या. का? चोरीच्या गाड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दोनच कंपन्यांच्या होत्या, ह्युंदाई आणि किया. या दोन्ही एकाच उद्योगसमूहातल्या. शहर तेच, पोरे तीच, पोलीस तेच, बेकारी तीच. मग चोरांनी टोयोटा आणि होंडा सोडून ह्युंदाई-किया का निवडल्या?

उत्तर किल्लीत आहे. आजकालच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत एक इलेक्ट्रॉनिक चिप असते. गाडीने ती ओळखली तरच इंजिन चालू होते. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा झाला, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत सक्ती नव्हती. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने काढलेला हिशेब असा की २०१५ च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर मूळचाच बसवलेला होता, आणि ह्युंदाई-कियाच्या मॉडेलांत केवळ २६ टक्के. ज्या कंपन्या कॅनडात कायद्यामुळे ही सोय देत होत्या त्यांनीच सरहद्दीच्या अलीकडे स्वस्त मॉडेलांतून ती गाळली. कायदा नाही, मग खर्च कशाला? मोबाईल चार्ज करण्याच्या वायरीच्या टोकाने गाडी सुरू करता येते, हे मिलवॉकीतल्या पोरांनी शोधून काढले. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत चित्रफितींवाटे ते साऱ्या देशात पसरले. केंद्रीय महामार्ग सुरक्षा खात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले की या चोऱ्यांशी निगडित किमान १४ अपघात आणि ८ मृत्यू आपल्याकडे नोंदले गेले आहेत.

कंपन्यांचे म्हणणे काय होते? आमच्या गाड्या केंद्रीय मानकांप्रमाणेच होत्या. ते खरेही होते. मानकच नव्हते, मग मोडणार काय? भांडवलशाहीत कायदा मोडावा लागतोच असे नाही; जिथे कायदा नाही ती जागा नेमकी हेरली म्हणजे पुरते. ह्युंदाईने आधी तर चोरीपासून बचावाचा संच १७० डॉलरना विकायला काढला, बसवण्याची मजुरी वेगळी! कारखान्यात जे गाळले ते गिऱ्हाइकाने पदरचे पैसे मोजून परत घ्यावे. स्टेट फार्म आणि प्रोग्रेसिव्ह या बड्या विमा कंपन्यांनी काही शहरांत या मॉडेलांचा नवा विमा उतरवणेच बंद केले. या गाड्या कोण वापरत होते? ज्यांना महाग गाडी परवडत नाही ते. कारकून, परिचारिका, गोदामातले हमाल. मे २०२३ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याआधी फेब्रुवारीत ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर दुरुस्ती जाहीर झाली. नोव्हेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर सरसकट बसू लागला होताच. म्हणजे करणे शक्य होते, आणि आधीही शक्य होते.

मग सांगा, मिलवॉकीतल्या चौकात चोरीची किया आदळून एखादी बाई मेली तर तिच्या मृत्यूचे धनी कोण? पोरगा तर आहेच. त्याला मी सोडत नाही. मागे लागलेला शिपाई असेल तर थोडा तोही. पण किल्लीतली चिप गाळण्याचा ठराव ज्यांनी हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून केला, त्यांच्या मागे कोणाचा भोंगा वाजत गेला? सारी चर्चा पळणारा आणि पाठलाग करणारा या दोघांत अडकवून ठेवली की तिसरा सुखाने घरी जातो.

हे केवळ तर्कट नव्हे, याला पुरावा इंग्लंडने दिला आहे. तिथेही हीच कहाणी होती, तीही मोटारकारखान्याच्याच सावलीत. ऑक्सफर्डमधल्या काऊली मोटारकारखान्यालगतच्या ब्लॅकबर्ड लीज या कामगारवस्तीत १९९१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बेकार पोरे चोरलेल्या गाड्या गरागरा फिरवून दाखवीत आणि बघायला गर्दी जमे. पोलिसांनी मोडून काढायचे ठरवले तेव्हा दंगली झाल्या. त्याच सप्टेंबरात उत्तरेकडे मेडो वेल या वस्तीत पोलीस मागे असताना चोरीची गाडी आपटून दोन तरुण मेले आणि वस्ती पेटली. सरकारने १९९२ मध्ये खास कायदा करून शिक्षा वाढवल्या. परंतु त्या दशकाच्या आरंभी इंग्लंड व वेल्समध्ये वर्षाला पाच लाखांहून अधिक गाड्या चोरीला जात, आणि दोन दशकांनी तो आकडा एक लाखाच्या खाली आला, याचे मोठे श्रेय अभ्यासक इमोबिलायझरसारख्या साधनांना देतात. शिक्षा आणि भोंगे यांना जे जमले नाही ते एका चिपेने पुष्कळ अंशी केले. अलीकडे किल्लीचा रेडिओ-संदेश पकडून महागड्या गाड्या उडवण्याचे नवे तंत्र निघाले आहे आणि चोऱ्या पुन्हा वाढल्या आहेत, हेही खरे. तिथेही निर्माते मागे आणि चोर पुढे आहेत.

मिलवॉकीत पुढे काय झाले तेही ऐका. पाठलागाचा नियम बदलायला लावणारे नागरिकांचे मंडळ १८८५ पासूनचे. पोलिसांचे धोरण ठरवण्यात शहराचा हात असावा अशी ती जुनी व्यवस्था. त्या मंडळाचा २०१७ चा निर्णय मला चुकीचा वाटतो. पण चूक करण्याचा आणि सुधारण्याचा अधिकार लोकांपाशी होता. २०२३ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर आले तेव्हा राज्य विधिमंडळाने त्याला दोन टक्के विक्रीकर बसवण्याची परवानगी दिली आणि त्याच कायद्याने मंडळाचे धोरण ठरवण्याचे अधिकार काढून पोलीसप्रमुखाकडे सोपवले. विक्रीकर गरिबांच्या खिशातून आणि पोलिसांवरचा ताबाही गरिबांच्याच हातून! होन आणि झायडलर यांच्या शहरात हे घडले.

आता आपल्याकडे. आपल्या कायद्याची एक गोष्ट साथींना माहीत असावी म्हणून सांगतो. अटक करताना आवश्यक ते बळ पोलिसाला वापरता येते. परंतु ज्याच्यावरचा आरोप मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. हे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, १९७३ च्या संहितेच्या ४६ व्या कलमात राहिले, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ व्या कलमातही आहे. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची. म्हणजे इंग्रजांनी घालून दिलेल्या कायद्यातही चोराच्या जिवाची किंमत गाडीपेक्षा जास्त होती. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात तेवढेही नव्हते. मेम्फिसमध्ये १९७४ साली घरफोडी करून पळणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या निःशस्त्र मुलाला कुंपण चढताना पोलिसाने मागून गोळी घातली. त्याच्याजवळ निघाले दहा डॉलर आणि एक पर्स. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा त्या मर्यादेपुरता घटनाबाह्य ठरवला तो १९८५ मध्ये. कागदावर आपण पुढे होतो. कागदावर, असे मी मुद्दाम म्हणतो. ‘पळून जाऊ लागला म्हणून’ हे शब्द आपल्याकडच्या चकमकींच्या बातम्यांत किती वेळा येतात ते तुम्ही वाचताच.

आणि वाहनाचा पाठलाग हा या कलमातून निसटतो. गोळी मोजली जाते, पंचनामा होतो. पण पाठलागात मेलेला माणूस अपघातात मेला असे लिहिले जाते. हेल्मेट नाही म्हणून पळणाऱ्या पोराच्या मोटारसायकलीपुढे काठी आडवी घालणारा शिपाई आपण सर्वांनी पाहिला आहे. पोरगा पडून डोके फुटले तर नोंद होते ती निष्काळजीपणे वाहन चालवल्याची. म्हणून आपली मागणी असली पाहिजे ती लेखी नियमाची: कोणत्या गुन्ह्यासाठी पाठलाग करता येईल, परवानगी कोण देईल, केव्हा सोडावा लागेल, आणि पाठलागात इजा वा मृत्यू झाला तर चौकशी कोण करील. तो नियम ठाण्याच्या कपाटात न राहता लोकांना वाचायला मिळाला पाहिजे. पाठलाग नाही म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. बिनतारी संदेश पुढच्या नाक्याला देणे, नाकाबंदी करणे, कॅमेऱ्यावरून गाडी शोधणे, चोरीच्या गाड्या फोडून सुटे भाग विकणाऱ्या भंगारबाजारात जाणे, ही सारी पोलिसांचीच कामे आहेत. त्यांत भोंगा वाजत नाही आणि छायाचित्र छापून येत नाही, एवढीच त्यांची उणीव. भंगारबाजारातली दुकाने कोणाच्या आशीर्वादाने चालतात हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आज तो उघडत नाही.

त्या रिक्षाचालक साथीला मी गेल्या आठवड्यात पुन्हा भेटलो आणि हे सारे, याहून थोडक्यात, सांगितले. त्या दिवशी पोलिसांनी भर बाजारातून तुझ्या रिक्षामागे गाडी घातली नाही हे मला बरोबर वाटते, असे मी त्याला स्पष्ट म्हणालो. पण पुढच्या नाक्याला त्यांनी संदेशही दिला नाही, आणि तक्रार घ्यायला दोन दिवस लावले, हा सरळ कामचुकारपणा होता, असेही म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “भाऊ, म्हातारीचा जीव माझ्या रिक्षापेक्षा मोठा, हे मला कळते. पण रिक्षा गेली त्या दिवसापासूनचे हप्ते बँक माझ्याचकडून घेते आहे. आणि विमा कंपनी म्हणते, दुसरी किल्ली हजर करा, नाहीतर दावा नामंजूर.”

दुसरी किल्ली त्याच्याजवळ नाही. रिक्षा त्याने जुनी घेतली, तेव्हा एकच मिळाली होती. स्टँडवरच्या आणखी चौघांची हीच अडचण आहे. त्यांचे कागद मी आज बरोबर आणले आहेत. सभा संपल्यावर वकील साथींनी थांबावे, म्हणजे ग्राहक मंचाकडे एकत्र तक्रार करता येते का ते पाहू.